धीरे चल

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भिलाईला, कोहक्याच्या घरी गेलो. जवळच राहणाऱ्या आतेभावाकडे संगणकाला जोडायचे स्टिअरिंग आणि पेडल आहेत. दुपारी बाहेर लू वाहत असताना आम्ही पडदे ओढून रेसिंग सिम्युलेटर खेळायचो. दहा दिवसांत मी ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने गाडी पळवू लागलो. एका रात्री जेवताना मी जाहीर करून टाकले, "बाबा, मला गाडी येते."

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात लोको चालवतात. ब्लास्ट फर्नेसमधून निघालेले, १४०० अंशांहून तापलेले लोखंड लॅडलमध्ये भरून त्यांचे इंजिन ओढून नेते. ते हसले. म्हणाले, "लायसन्सला अजून तीन वर्षं आहेत. रस्त्यावर नाही, पण रविवारी आवारात बघू."

रविवारी त्यांनी फाटक बंद केले, धाकट्या बहिणीला ओट्यावर बसवले आणि मला चावी दिली. पहिल्या तीन वेळा क्लच सोडताच गाडीने गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडले. चौथ्या वेळी गाडी थोडी पुढे गेली. आमच्या आवाराला फाटकाकडे उतार आहे. त्या उतारावर, इंजिन पुन्हा बंद पडेल या भीतीने मी क्लच पूर्ण दाबला. गाडी मागे घरंगळू लागली. माझा पाय ब्रेक शोधत राहिला आणि बाबांनी हँडब्रेक ओढला. तोवर बहिणीची सायकल बंपर आणि भिंतीच्या मध्ये चेपली होती.

पाच मिनिटांपूर्वी ती त्याच सायकलवर बसलेली होती. बाबांनी तिला उठवले होते. मी मागे वळून पाहिलेही नव्हते.

मला कोणी रागावले नाही. त्यापेक्षा रागावले असते तर बरे वाटले असते.

रात्री झोप लागेना. २०० चा वेग जमतो, मग ताशी दोन किलोमीटर का जमत नाहीत? दुसऱ्या दिवशी भावाबरोबर बसून मी याचा शोध घेतला. टायरची पकड काढण्यासाठी बहुतेक सिम्युलेटर 'स्लिप' मोजतात. चाकाच्या कडेचा वेग आणि गाडीचा वेग यांतल्या फरकाला गाडीच्या वेगाने भागायचे. गाडी सेकंदाला २० मीटर जाते आणि चाकाची कड २१ मीटर फिरते, तर स्लिप ५ टक्के. आता समजा गाडी ०.१ मीटरने सरकते आहे आणि चाक १.१ मीटरने फिरते आहे. फरक तोच, १ मीटर. पण स्लिप १००० टक्के! आणि गाडी थांबली की शून्याने भागायची पाळी येते. ते जमत नाही, हे आठवीतला कॅडेटही सांगेल.

नेदरलँड्समधील डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पाचेका यांचे टायरचे सूत्र 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातही आधी ही स्लिपच घालावी लागते. म्हणून अगदी कमी वेगासाठी सिम्युलेटरमध्ये वेगळी युक्ती करावी लागते. ती नीट जमली नाही, तर उतारावर ब्रेक लावलेली गाडीसुद्धा मुंगीच्या पावलांनी घसरत राहते, नाहीतर उभ्या जागी थरथरते. त्यातून आम्ही ऑटो-क्लच चालू ठेवला होता. म्हणजे जे मला येत नव्हते, ते माझ्या वतीने संगणक करत होता आणि मी त्याला माझे कौशल्य समजत होतो.

हे मी बाबांना सांगितले. ते म्हणाले, "आमच्याकडे लॅडल लवकर पोचवलं म्हणून कोणी बक्षीस देत नाही. सांडलं नाही, एवढंच बघतात."

मला ड्रिल आठवली. 'तेज चल'मध्ये पावलांच्या झोकात लहानसहान चुका लपून जातात. 'धीरे चल' सुरू झाले, की एक पाय हवेत असताना कोण डुलतो ते उस्तादांना लांबूनही दिसते. इतकी वर्षे मला वाटायचे, की ही चाल केवळ समारंभासाठी आहे.

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत रोज संध्याकाळी माझा एकच सराव होता. दोन विटा ठेवायच्या, गाडी पहिल्या विटेपासून दुसरीपर्यंत न्यायची आणि थांबवायची. सुरू करण्याआधी खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारायची. शेवटच्या दिवशी उतारावरही गाडी मागे गेली नाही.

सायकलचे चाक मी आणि बाबांनी मिळून बदलले. बहिणीने मला माफ केले आहे. पण माझ्या हातात चावी दिसली, की ती आधी सायकल उचलून घरात नेते.