रॉड मोडतो तो रस्त्यावर

मासेमारीच्या रॉडची दुरुस्ती हा माझा व्यवसाय. रत्नागिरीतल्या माझ्या टेबलावर सर्वांत जास्त मोडके रॉड येतात ते दिवाळीनंतरच्या महिन्यांत. पावसाळ्यातली बंदी उठून गेलेली असते, खाड्यांचं गढूळ पाणी निवळलेलं असतं आणि पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची मंडळी गरवायला कोकणात उतरतात. रॉड आणून देणाऱ्यांची हकिगत जवळपास एकच असते. मोठा मासा लागला, रॉड वाकला, टक् असा आवाज झाला आणि दोन तुकडे हातात आले. कुणाचा जिताड्याने मोडलेला, कुणाचा तांबोशीने. मी सगळं ऐकून घेतो, कारण मासा गेल्याची हळहळ खरी असते. मग विचारतो, "इथवर कशातून आणलात?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "पिकअपच्या हौद्यात टाकला होता, काका."

माझं मत आता ठाम झालं आहे. आपल्याकडे मोडणारे बहुतेक रॉड मासा लागायच्या आधीच जायबंदी झालेले असतात. घाव रस्त्यात बसतो आणि दोन दिवसांनी किनाऱ्यावर दिसतो. मधल्या काळात तो कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून दोष माशाला जातो, नाहीतर बनवणाऱ्या कंपनीला.

हे पटायचं तर रॉड कशाचा बनतो ते पाहावं लागेल. आजचा चांगला रॉड म्हणजे कार्बनच्या तंतूंची निमुळती पोकळ नळी. एकेक तंतू सुमारे सात मायक्रॉन जाड, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. रेझिन मुरवलेली या तंतूंची पातळ चादर मापाने कापतात, निमुळत्या पोलादी दांड्यावर घट्ट गुंडाळतात, वरून फीत आवळतात, भट्टीत भाजतात आणि आतला दांडा ओढून काढतात. बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने धावतात. म्हणून रॉड वाकला की ते ताण लीलया पेलतात. आडवा फटका, टोकदार दाब किंवा चिमटा सोसायला मात्र ती नळी घडवलेलीच नसते. शेंड्याकडे तर तिची भिंत मिलिमीटरभरही जाड नसते. शहाळ्यातली नळी एकदा नखाने दाबून बघा. नंतर ती कितीही सरळ केली तरी वाकवताच त्याच जागी मुडपते. कार्बनच्या नळीचंही तेच होतं. फरक एवढाच, की ती मुडपत नाही, फुटते.

फटका बसला की काही तंतू तुटतात आणि थरांमध्ये बारीक फट पडते. वरच्या वार्निशवर एखादी पांढुरकी रेघ उमटते, कधी तीही नाही. रॉड सरळ दिसतो, लहान मासे काढतोही. मग जोराची फेक किंवा मोठा मासा येतो आणि सगळा ताण त्या जखमी जागेवर जमतो.

जुन्या माणसांना हा प्रश्न एवढा छळत नव्हता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून रॉड करू लागले, तेव्हा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जाई. आपण विदर्भात ज्याला मानवेल म्हणतो, त्या जातीचा तो समजला जातो. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९४० च्या दशकात काचतंतूचे रॉड आले. ते जड, पण कमालीचे सोशिक; आमच्याकडे अजून काही घरांत माळ्यावर पडलेले सापडतात आणि पुसून घेतले की चालतात. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने कार्बनचे रॉड बाजारात आणले आणि वजन एकदम उतरलं. आता दुकानात २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे सांगतात. ते ताठपणाचे आकडे आहेत. आकडा चढेल तसा रॉड हलका आणि तरतरीत होतो, पण साधारणपणे घाव सोसायची ताकद उतरते. महाग रॉड म्हणजे दणकट रॉड हा समज इथे कामाचा नाही. महाग रॉडला वाहतुकीत जास्त जपावं लागतं.

आता हौद्याकडे येऊ. डबल कॅबिनच्या पिकअपचा हौदा साधारण दीड मीटर लांब आणि जवळपास तेवढाच रुंद असतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात मापलं तर २.१ मीटरच्या आसपास जागा मिळते. सात फुटी रॉडचे दोन समान तुकडे प्रत्येकी १०७ सेंटिमीटरचे. ते कसेही मावतात. किनाऱ्यावरून लांब फेकायचा दहा फुटी रॉड घेतला, तर त्याचा एकेक तुकडा १५२ सेंटिमीटर होतो. म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरसाठी अडतो. माझ्याकडे येणाऱ्या रॉडमध्ये या मापाचे फार असतात. हौद्यात रॉड सरळ ठेवलेला असतो, मागचा फाळका थोडा नेट लावून बंद केलेला असतो, आणि शेंडा फाळका आणि पत्र्याच्या मधे सापडलेला असतो. फाळका लावणाऱ्याला काहीच जाणवत नाही, कारण फाळका जड आणि शेंडा नाजूक. हे तुकडे तिरपे ठेवले की प्रश्नच मिटतो. सात फुटी अखंड रॉड मात्र २१३ सेंटिमीटरचा. तो तिरपाही मावत नाही. असा रॉड गाडीच्या आत, पुढच्या डॅशबोर्डपासून मागच्या सीटच्या वरून नेता आला तर न्यावा, नाहीतर सिंगल कॅबिनच्या मालवाहू पिकअपमधून. तिचा हौदा अडीच मीटरच्या पुढे असतो. आणि नवा रॉड घेतानाच गाडीचा विचार करा. टेप घेऊन हौदा मापायला पाच मिनिटं लागतात.

शेंडा फाळक्यावरून बाहेर काढून त्याला लाल फडकं बांधणारे बरेच भेटतात. ते करू नका. मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४(१अ) आलं आणि दंड वीस हजार रुपये आहे. पण दंडापेक्षा मला मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची काळजी वाटते. संध्याकाळच्या उजेडात काळ्या रॉडचा शेंडा दिसत नाही, आणि तो नेमका डोळ्याच्या उंचीवर असतो.

कॅबिनच्या मागे स्टँड लावून रॉड उभे न्यायची हौस आता वाढली आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या हॅटरासच्या किनाऱ्यावर पिकअपच्या पुढच्या बंपरवर असे उभे रॉड लावलेले असतात. तिथे गाडी वाळूवरून सावकाश एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, त्यासाठी ती सोय ठीक आहे. आपण महामार्गावरून जातो. वाऱ्याने रॉड सतत थरथरतो, सांधा सैल होतो, आणि गावात शिरलं की आंब्याच्या फांद्या आणि केबलच्या वायरी आहेतच. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. डोक्यावरून ११ हजार व्होल्टची वाहिनी गेलेली असताना तिच्याखाली गाडी उभी करून दहा फुटी रॉड जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. कोकण रेल्वेचंही २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालं आहे. तिच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. फाटकाजवळ आणि पुलावर जोडलेला रॉड कधीही उभा धरू नये. ओघात एक विनंती: पिकअप थेट वाळूत उतरवू नका. वेळास, आंजर्लेच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि वाळूखालचं घरटं गाडीतून दिसत नाही.

मग न्यायचं कसं? मी स्वतः शेतीच्या पीव्हीसी पाइपवर भरवसा ठेवतो. तो सहा मीटर लांबीत मिळतो. सात फुटी दोन तुकडी रॉडसाठी सव्वा मीटरची नळी पुरते; म्हणजे एका पाइपात चार नळ्या निघतात, आणि मित्रांनी मिळून घेतला तर खर्च किरकोळ. साध्या रॉडला ७५ मिलिमीटर व्यासाचा पाइप चालतो. किनाऱ्याच्या लांब रॉडच्या, दोरी ओवायच्या पहिल्या कड्या मोठ्या असतात, त्यांना ११० मिलिमीटरचाच घ्यावा. एका तोंडाला टोपी कायमची चिकटवा, दुसरी काढता येण्याजोगी ठेवा, दोन्ही टोकांना आत जाड फोमच्या चकत्या बसवा. चिकटवलेल्या टोकाला दोन-तीन बारीक भोकं पाडा. ओला रॉड बंद नळीत राहिला की वार्निशला फोड येतात आणि कड्यांच्या बुडाशी गंज धरतो. बाहेरून पांढरा रंग द्या. कोकणातल्या एप्रिलच्या उन्हात हौदा किती तापतो ते सांगायला नको, आणि रॉडच्या अगदी टोकाची कडी पुष्कळदा उष्णतेने विरघळणाऱ्या गोंदाने बसवलेली असते. नळी फार तापली की ती कडी ढिली पडू शकते.

नळीत रॉड नुसता सोडला तर निम्मं काम वाया गेलं. खड्ड्यागणिक दोन तुकडे एकमेकांवर आपटतात आणि एकाच्या कडीची धातूची चौकट दुसऱ्याच्या भिंतीला घासते. प्रत्येक तुकड्याला जुन्या सुती चादरीची लांब पिशवी शिवा. दोन्ही तुकड्यांच्या कड्या विरुद्ध बाजूंना ठेवा आणि रुंद वेल्क्रोने दोन जागी बांधा. रबर नको, उन्हात ते चिकटतं. जुडीमध्ये शेंडा सर्वांत पुढे येता कामा नये, त्याच्यापुढे जाड तुकड्याचं टोक असावं, म्हणजे धक्का तिथे बसेल.

रीळ काढून कॅबिनमध्ये घ्या. गळाला लावलेली कृत्रिम आमिषं तर आधी सोडवा. हौद्यात फिरणाऱ्या जिगइतकं, म्हणजे शिशाच्या जड आमिषाइतकं, नुकसान दुसरं काही करत नसेल. दीडशे ग्रॅमचा जिग दोरीला लोंबतो आणि खड्ड्यागणिक एकाच जागी टोले घालतो. आणि गळ कडीत अडकवून दोरी ताणून ठेवायची सवय सोडा. कडीच्या आतली चकती सिरॅमिकची असते, चांगल्या रॉडमध्ये सिलिकॉन कार्बाइडची. ती फार कठीण, म्हणून दोरीने झिजत नाही. पण लोखंडाचा टोला बसला की तिचा कण उडतो. तो कण उडालेला काठ वेणीची दोरी कापतो. माणूस मग म्हणतो, दोरी खराब निघाली.

नळी हौद्याच्या लांबीच्या भिंतीला लाकडी फळी लावून तिच्यावर क्लॅम्पने आवळलेली बरी. हौद्याच्या तळाला पत्र्याच्या उंचवट्याच्या रेघा असतात. तिथे आडवी पडलेली वस्तू दर धक्क्याला उसळते. कायमचं काही बसवायचं नसेल तर दोन रुंद पट्टे पुरतात. नळीची मूठ असलेली बाजू कॅबिनकडे ठेवा आणि शेंडा मागे. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना ब्रेक लागला की सगळं पुढे सरकतं. तो धक्का मुठीने घ्यायचा, शेंड्याने नाही. मागच्या टोकापासून फाळक्यापर्यंत मोकळी जागा ठेवा आणि त्या जागेत दुसरं सामान कोंबू नका. बर्फाची पेटी, स्टोव्ह, गॅसची टाकी यांना वेगळे पट्टे. रॉडवर कधीही काही ठेवू नका, झोपायची गादीसुद्धा नाही, कारण पुढच्या थांब्यावर त्या गादीवर कुणीतरी बसणारच.

भाड्याच्या पिकअपमधून जाणाऱ्यांचं निराळं. हौद्यात माशांचे क्रेट असतात, वर ताडपत्री आणि दोरखंड. चालकाला आधी सांगून ठेवा, "दादा, ही नळी सगळ्यांत शेवटी चढवू आणि पहिल्यांदा उतरवू." वर्षानुवर्षं माल लावणाऱ्या माणसाला कुठे काय दबतं ते आपल्याहून चांगलं कळतं, विचारलं तर तो योग्य जागा काढून देतो. ताडपत्रीचा दोर नळीवरून आवळू देऊ नका. तो कुणालातरी ओढून घट्ट करावाच लागतो.

पोहोचल्यावर रॉड जोडायच्या आधी थोडा वेळ द्या. तुकडा उन्हाकडे धरून बोटांत हळूहळू फिरवा आणि नखाचा काठ सबंध लांबीवरून न्या. नख अडलं तिथे थांबून बघा. सांध्याच्या आत जांभ्याची तांबडी धूळ गेलेली असते, ती कोरड्या फडक्याने काढा, नाहीतर ती सांधा घासत राहते. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा ओढा. तंतू अडकले तर ती कडी फुटलेली आहे. मग रॉड जोडून दोन्ही हातांनी हलकेच वाकवा आणि कान द्या. बारीक कडकड ऐकू आली तर त्या दिवशी तो रॉड बाजूला ठेवा. मासा लागलेला असताना तुटलेल्या कार्बनच्या कुसळी हातात घुसतात आणि काढायला फार त्रास देतात.

आणि इतकं करूनही मोडलाच, तर दोन्ही तुकडे घेऊन या. शेंड्याचा तुकडा दोरीसकट समुद्रात सोडून येणारे खूप आहेत. तुटलेल्या दोन्ही कडा समोर असल्या की मला पुष्कळ सांगता येतं. नुसत्या जादा ताणाने मोडला तर तंतू लांबवर चिरफळतात. आधी घाव असेल तर तुटण्याची सुरुवात एका जागी नीट दिसते आणि वार्निशवरची जुनी खूण तिला भिडते. ती खूण रॉडच्या कुठल्या उंचीवर आहे ते मापून आपण तुमच्या हौद्यात जाऊन बघू, तिथे नेमकं काय आहे: पत्र्याचा उंचवटा, फाळक्याची कडी की पेटीचा कोपरा. आतून कार्बनची सळी घालून सांधलेला रॉड पूर्वीसारखा वाकत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण हौद्यातली ती जागा सापडली तर तुमचा दुसरा रॉड माझ्याकडे यायला नको.