तीन विशेषणांचा माणूस

शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्टेशनबाहेर दशक्रियेचा फ्लेक्स लागला, की हात जोडलेल्या फोटोखाली बहुधा तीन विशेषणं सापडतात: कुटुंबवत्सल, निसर्गप्रेमी, यशस्वी उद्योजक. ती खोटीच असतात असं नाही. पण मधल्या स्वल्पविरामांनी एका माणसाचे तीन तुकडे पडतात; जणू तो दिवसा धंदा करी, रविवारी झाडं लावी आणि रात्री घरी येऊन वत्सल होई. माझं म्हणणं एवढंच, की ही प्रेमं सुटी सुटी मोजली तर माणूस हाती लागत नाही. त्याच्या धंद्यातल्या निर्णयांत घर आणि माती किती मुरली होती, हे पाहिल्यावरच तो कळतो.

याचा फार जुना पुरावा शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी आहे. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपलीकडची वस्ती उजेडात आली. तिथे बांध आणि पाण्याचा पाट सापडला, धान्याचं कोठार सापडलं. माणसं आपल्या मृतांना घराच्याच जमिनीखाली ठेवत. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं घर होतं. कोठार त्याच घराचं, आणि त्याच्याच अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. अभ्यासक त्याला वस्तीचा प्रमुख मानतात. तो व्यापारी होता असं कुणी म्हणणार नाही. पण त्याची दशक्रियेची पाटी लिहायची झाली, तर धान्य, पाणी आणि घर यांच्यात स्वल्पविराम नेमका कुठे द्यायचा?

आपल्या काळातला माणूस हवा असेल तर मला जळगावचे भवरलाल जैन आठवतात. १९३७ साली वाकोदला जन्म. सरकारी अधिकाऱ्याची चालून आलेली नोकरी नाकारून १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकायला सुरुवात. पुढे पाइप, मग ठिबक. २०१६ मध्ये ते गेले, तेव्हा श्रद्धांजल्यांत ही तिन्ही विशेषणं होतीच. पण पाहण्याजोगं वेगळंच आहे. ठिबकची नळी विकून हा माणूस मोकळा झाला नाही. केळीची ऊतिसंवर्धित रोपं दिली, पांढऱ्या कांद्याची करारशेती करून भावाची हमी दिली. म्हणजे गिऱ्हाइकाचं पीक बुडालं तर आपलंही बुडावं, अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच स्वतःभोवती बांधून घेतली. उजाड टेकडीवर पाणी अडवून जैन हिल्स हिरवी केली ती शहराबाहेरची हौस म्हणून नव्हे. तिथेच कारभार, तिथेच शेतीचे प्रयोग. आणि पत्नी कांताबाई गेल्यावर ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिलं. कारखानदार सहसा स्वतःचं चरित्र लिहवून घेतो; यांनी सहजीवन लिहिलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पाणी वाचवण्याची साधनं विकणाऱ्याचं निसर्गप्रेम म्हणजे जाहिरात. मला हा आक्षेप आळशी वाटतो. फायदा झाला म्हणून प्रेम खोटं ठरत असेल, तर स्वतःच्या रानात राबणारा प्रत्येक शेतकरी ढोंगी ठरेल. दुसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि त्याचा पुरावा भीमेच्या दोन्ही तीरांवर उभा आहे. शिरूर आणि दौंड दोन्ही पर्जन्यछायेतले, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तरी कालवे, उपसा आणि बोअरच्या जोरावर न्हावऱ्यापासून पाटसपर्यंत ऊसच ऊस. इथे ठिबकने वाचलेलं पाणी नदीत राहतंच असं नाही. पुष्कळदा ते शेजारच्या एकराच्या उसाला जातं. हे मी नाकारत नाही. उलट माझ्या म्हणण्याला त्याने बळच येतं. एका माणसाने पाणी, धंदा आणि घर एकत्र धरलं म्हणून त्याने विकलेली वस्तू घेणाराही तसाच वागेल, असं होत नाही. वस्तू एका गाठोड्यातून सुटून दुसऱ्याच्या हिशेबात जाते. जैन यांच्या पश्चात, २०१९ मध्ये, त्यांची कंपनी कर्जाच्या अडचणीत सापडली, हेही आठवणीतून वगळायचं कारण नाही. आठवण म्हणजे ताळेबंद नव्हे, पण त्याला भिणारी आठवणही काही कामाची नाही.

गेलेल्या माणसाचा असा हिशेब काढू नये, असं कुणी म्हणेल. मला तो काढण्यातच मान दिसतो. दौंडकडच्या एखाद्या गुऱ्हाळवाल्याला निसर्गप्रेमी म्हणण्याआधी त्याच्या चुलाणात चिपाड जळत होतं की टायरचे तुकडे, एवढं विचारावं. शिरूरचा कृषी केंद्रवाला असेल, तर पिकाला नको असलेलं औषध विकायला त्याने कधी नकार दिला का, ते सांगावं. आणि तोट्याच्या वर्षी घरात तो कसा बोलत असे, तेही. फ्लेक्सवर एवढं मावणार नाही, कबूल. पण घाटावरच्या भाषणांत सहज मावेल. तिथे वेळेची टंचाई नसते, पुढाऱ्यांची रांग संपेपर्यंत कावळ्यालासुद्धा थांबावं लागतं.