मेरिट, वारा आणि आमची सायकल टीम



"सायकल शर्यतीचा आणि चळवळीचा काय संबंध?" हा प्रश्न आम्हाला गेली तीन वर्षे विचारला जातो. विचारणारे बहुतेक आपलेच. विहारातील ज्येष्ठ म्हणतात, पोरांना अभ्यासाला बसवा, रविवारची सकाळ रस्त्यावर कशाला घालवता? आणि शर्यतीत भेटणारे, लाखाच्या पुढच्या सायकलींवरचे लोक आमची निळी जर्सी बघून सांगतात, "खेळात तरी जात आणू नका. इथे फक्त पायातली ताकद चालते." एका बाजूला काळजी आहे आणि दुसऱ्या बाजूला लबाडी आहे, हे आम्हाला कळते. तरीही दोघांना एकदाच उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

आमच्या टीममध्ये आठ जण आहेत. एक जण मोटारसायकलवर घरपोच जेवण पोहोचवतो, दोघे चाकणला कंत्राटी कामगार आहेत, एक मुलगी नर्सिंग करते, दोघी एमपीएससीच्या तयारीत आहेत, एक वायरमन आहे आणि आठवे आम्ही, समाजकार्य करून उरलेल्या वेळात पायडल मारणारे. रविवारी पहाटे देहूरोडच्या बुद्धविहारापासून निघतो. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, तोच हा विहार. तिथून जुन्या हायवेने सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा आणि परत. जाऊन-येऊन साधारण 75 किलोमीटर. वाटेत बेडसे, कार्ले, भाजे ही तिन्ही लेणी आजूबाजूच्या डोंगरांत आहेत. महिन्यातून एकदा सायकली पायथ्याशी लावून वर जातो. त्या दिवशी सराव कमी होतो, पण टीममध्ये कोणाची तक्रार नसते.

सायकल आमच्या समाजाला नवीन नाही. खडकी-देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यांत आणि डेपोंमध्ये आमच्या आजोबांची पिढी सायकलवरच जात होती. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते. कॅरिअरला डबा, पायात कारखान्याचे बूट. त्यांना कोणी 'सायकलिस्ट' म्हटले नाही. आज जो पहाटे पेपर टाकतो, दूध घालतो, साईटवर गवंडीकामाला जातो, त्यालाही कोणी म्हणत नाही. सायकलिस्ट व्हायला आधी गाडी दारात असावी लागते आणि हौसेने ती सोडून यावे लागते, असा या शहराचा अलिखित नियम दिसतो.

आणि सायकल ही साधी वस्तू आहे असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तमिळनाडूतील अनेक गावांत दलितांनी सवर्णांच्या गल्लीतून सायकलवर बसून जायचे नाही, उतरून ती हाताने ढकलत न्यायची, ही बंदी अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. घोड्यावर बसलेल्या नवरदेवावर दगड का पडतात आणि सायकलवरून का उतरवतात, याचे उत्तर एकच आहे. बसलेला माणूस उंच दिसतो. त्याच तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बाया सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. म्हणजे सायकलीवर कोण बसतो हा प्रश्न आम्ही खेळात आणलेला नाही, तो आधीपासून तिथे आहे.

आता मेरिटकडे येऊ. त्यासाठी शर्यत आतून कशी चालते ते सांगावे लागेल, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटते की जो सर्वात जोरात पायडल मारतो तो जिंकतो.

सपाट रस्त्यावर ताशी 35-40 किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद फक्त हवा कापण्यात जाते. वेग वाढवला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी ताकद घनाने. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट ताकद. पण पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक हातभर अंतरावर धरून चालवले, तर मागच्याचे श्रम पाव ते एक तृतीयांश कमी होतात. यालाच ड्राफ्ट म्हणतात. मोठ्या घोळक्यात हा फायदा किती वाढतो याचा 2018 साली नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील संशोधकांनी अभ्यास केला. 121 सायकलस्वारांच्या घोळक्यात मागे-मध्ये बसलेल्याला जो हवेचा अडथळा होतो, तो एकट्या सायकलस्वाराच्या 5 ते 10 टक्के इतकाच निघाला. दोघांचाही वेग तोच, रस्ता तोच. एक जण हवेची भिंत फोडतोय, दुसरा त्या भिंतीच्या भगदाडातून निवांत येतोय.

शेवटी दोनशे मीटर राहिले की हा दुसरा बाजूला येतो, उभा राहून पायडल मारतो आणि जिंकतो. फोटो त्याचा, कप त्याचा. माईकवरचा माणूस ओरडतो, "काय मेहनत! काय जिद्द!"

आम्ही त्याची मेहनत नाकारत नाही. शेवटचे दोनशे मीटर त्याने स्वतःच्या पायांनी मारले हे खरेच आहे. आमचे म्हणणे एवढेच की आधीचे 60 किलोमीटर तो कोणाच्या पाठीमागे होता तेही सांगा. आरक्षणावर बोलणारे मेरिटवाले नेमके शेवटचे दोनशे मीटर दाखवतात. आजोबांचे वकिलीचे ऑफिस, आईची इंग्रजी शाळा, मामाची ओळख, कोचिंगची फी, स्वतंत्र खोली, यांतला कुठलाच वारा त्यांना कधी लागलेला नसतो आणि म्हणून तो आहे हेच त्यांना माहीत नसते. ज्याला वारा लागत नाही त्याला हवा शांत आहे असेच वाटते. (ज्या गटात आम्ही उतरतो त्याचे नाव 'ओपन' असते, हा विनोद आमच्या टीममध्ये आता जुना झाला आहे.)

घाटात मात्र गंमत होते. चढावर वेग कमी होतो, ड्राफ्टचा फायदा आटतो आणि वजन बोलू लागते. तिथे खरे मेरिट दिसायला हवे ना? पण आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमानुसार शर्यतीची सायकल किमान 6.8 किलोची असावी लागते आणि महागड्या सायकली त्याच्या आसपास असतात. आमच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या सायकली 12-13 किलोच्या. पाच-सहा किलोचे गाठोडे पाठीवर घेऊन आमची मुले त्यांच्या बरोबरीने घाट चढतात, तेव्हा मेरिट कोणाकडे आहे हे ज्याचे त्याने ठरवावे.

घोळका नुसता आसरा देतो असेही नाही, तो कोंडूनही टाकतो. यासाठी आपल्या मुलांनी मेजर टेलर हे नाव पाठ करावे. 1878 साली अमेरिकेतील इंडियानापोलिसला जन्मलेला कृष्णवर्णीय सायकलपटू. 1894 साली अमेरिकेच्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद केले आणि पाचच वर्षांनी, 1899 मध्ये, टेलर माँट्रियल येथे एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. गोरे स्पर्धक संगनमत करून त्याला पुढून, बाजूने घेरायचे, म्हणजे वाटच मिळू नये. 1897 साली एका शर्यतीनंतर एका गोऱ्या स्पर्धकाने तर त्याचा गळा आवळला. 1932 साली तो शिकागोत कंगाल अवस्थेत वारला. त्या संघटनेने ती बंदी अधिकृतपणे मागे घेतली 1999 साली. एकशे पाच वर्षांनी! खेळात वर्ण आणू नका, असे त्याला कोणी सांगितले असते तर त्याने काय उत्तर दिले असते?

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण आमच्या टीममध्येच घडले आहे.

आमचा सर्वात दमदार गडी बावीस वर्षांचा आहे. चाकणला शिफ्टमध्ये काम करतो, रात्रपाळी करून थेट सरावाला येतो. गेल्या हंगामात एका तालुक्याच्या शर्यतीत तो शेवटपर्यंत पुढच्या घोळक्यात टिकला. त्यानंतर एका श्रीमंत क्लबने त्याला बोलावले. कार्बनची सायकल वापरायला देऊ, प्रवेश फी भरू, बूट-हेल्मेट देऊ. काम काय? त्यांच्या प्रमुख सायकलस्वाराला वाऱ्यापासून झाकत शेवटच्या किलोमीटरपर्यंत आणायचे आणि बाजूला व्हायचे. मध्ये पाण्याच्या बाटल्या पुरवायच्या. व्यावसायिक सायकलिंगमध्ये हे मान्यताप्राप्त काम आहे. त्याला 'डोमेस्टिक' म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ घरगडी.

विहाराच्या ओट्यावर दोन रविवार यावर भांडण झाले. नर्सिंगवाली म्हणाली, "जाऊ दे त्याला. बाबासाहेबांनी 1913 ला बडोद्याची शिष्यवृत्ती घेतली तेव्हा दहा वर्षे नोकरी करायचा करार लिहून दिलाच होता ना? साधन मिळतंय तर घ्यावं." वायरमन चिडला. "पुन्हा गडीच व्हायचं? आपल्या बापजाद्यांनी गावाचा वारा अंगावर घेतला, आता पोरानंही घ्यायचा?"

आम्हाला दोघांचेही पटते आणि म्हणूनच ठरवणे अवघड होते. बाबासाहेब 1936 च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यात फरक करतात, तो इथे कामाला येतो. पुढे राहून वारा घेणे हे काम हलके नाही. आमच्या टीममध्ये प्रत्येक जण एक-एक मिनिट पुढे राहतो आणि मग बाजूला होऊन शेवटी येतो. जो दमला आहे त्याची पाळी बाकीचे घेतात. घरगडीपणा कामात नाही, तो पाळी न बदलण्यात आहे. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीतसुद्धा विजेता बक्षिसाची रक्कम संपूर्ण टीममध्ये वाटतो, अशी प्रथा आहे. तेव्हा क्लबला दोन गोष्टी विचार, असे आम्ही त्याला सांगितले: बक्षिसात वाटा किती, आणि वर्षातून दोन शर्यती तुझ्यासाठी कोण वारा घेणार?

तो सगळे ऐकून म्हणाला, "दादा, तुमचं बरोबर आहे. पण मला एकदा हलकी सायकल चालवून बघायचीय."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. समाजशास्त्राच्या एम.ए.लाही ते शिकवले नव्हते.

तो गेला. वाट्याचे त्यांनी मान्य केले, तोंडी का होईना. पाळीच्या प्रश्नावर त्यांचे प्रशिक्षक म्हणाले, "बघू." सुट्टी असेल त्या बुधवारी तो अजून आमच्याबरोबर येतो, त्यांची सायकल घरी ठेवून, आपल्या जुन्या सायकलवर. पुढच्या महिन्यात एका शर्यतीत आम्ही आणि तो समोरासमोर आहोत. वायरमन म्हणतो, त्याच्या चाकामागे बसायचे आणि शेवटी त्यांच्या प्रमुखालाच मागे टाकायचे. नर्सिंगवाली म्हणते, आधी तेवढा वेळ टिकून दाखव.

सातजणांत एक जागा रिकामी आहे. रविवारी पहाटे साडेपाचला, देहूरोड विहाराच्या फाटकाशी. सायकल कोणतीही चालेल, गिअर नसले तरी चालेल. हेल्मेट मात्र पाहिजेच, नसेल तर आमच्याकडे दोन जादा आहेत.