फेअरिंगवरचं पाणी

तांब्यातलं पाणी आधी गाडीच्या टाकीवर पडतं तेव्हा पत्रा खणखणीत वाजतो. तीच धार जरा पुढे, हेडलाइटभोवतीच्या लाल फेअरिंगवर सरकली की आवाज एकदम खाली बसतो, मऊ होतो, पोकळ होतो. थप, थप, थपथप. लोखंड संपून प्लास्टिक सुरू झालं, हे डोळे मिटूनही कळावं असा तो आवाज. कितीतरी सकाळी केवळ तो ऐकण्यासाठी मी धार हळू केली आहे, आणि दर वेळी त्याच्याआडून दादा बोलला आहे: “हात नको लावू रे बाबू. पयले पाणी उतरू दे.”

या गाडीआधी आमच्या अंगणात बाबांची राजदूत होती. सगळी लोखंडाची. रविवारी बाबा घासलेटात बुडवलेली चिंधी घेऊन तिला असं रगडायचे की दंडाच्या शिरा वर यायच्या, आणि दुपारपर्यंत विहिरीपाशी तो उग्र वास रेंगाळत राहायचा. गाडी धुणं म्हणजे जोर लावणं, हे आम्ही पोरांनी त्या दंडांकडे बघूनच धरलेलं. मग दादाने करिझ्मा आणली. हिरो होंडाने 2003 साली काढलेली ती 223 सीसीची गाडी, पुढचा भाग फेअरिंगने झाकलेली. आमच्या आळीत तशी दुसरी नव्हती. शेजारच्या काकाजींनी बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं. “काहून रे, हे तं पिलास्टिक हाय!” दादा नुसता हसला, आणि काकाजी गेल्यावर ओल्या फडक्यानं बोटांचे ठसे टिपून घेतले.

आमच्याकडची धूळ साधी नसते. गोंदियाच्या आसपास राईस मिल. उकड्या तांदळाचा उबदार, किंचित आंबूस वास हवेत भरून असतो, आणि त्याच हवेतून धानाच्या तुसाची राख येते, कारण धान उकडायची वाफ बऱ्याच मिलमध्ये तूस जाळूनच काढतात. रात्री उघड्यावर राहिलेली गाडी सकाळी करड्या थराखाली असते. बोट फिरवावंसं वाटतं, इतका मऊ थर. पण त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, वाळूची सख्खी बहीण, आणि कोरडं फडकं फिरलं की रंगावर गोल गोल बारीक ओरखडे उठतात. एरवी ते दिसत नाहीत; सकाळचं तिरपं ऊन आलं की सगळे एकदम उजळतात. म्हणून आधी फक्त पाणी. धीरानं, वरून खाली, राख आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत.

रोवणीच्या दिवसांत बांध्यांमधला चिखल मडगार्डखाली घट्ट धरून बसतो. तो खरवडायचा नाही. त्यावर ओलं फडकं ठेवून द्यायचं, मग तो फुगतो आणि हळूहळू सुटतो. बादलीत गाडीचा शाम्पू, बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा, आणि खालच्या चिखलाला लागलेला तुकडा पुन्हा वर न्यायचा नाही. घासलेट नाही, डिझेलचा फवारा तर नाहीच. स्क्रूच्या भोकांपाशी, जिथे प्लास्टिक आधीच ताणलेलं असतं, तिथे त्यानं चिरा धरतात.

आणि ऊन. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, पण प्लास्टिकला खरं खातात ते उन्हातले अतिनील किरण. अशा फेअरिंगला बहुधा वापरतात त्या एबीएसमधला ब्युटाडाइन त्याला चिवटपणा देतो, आपटलं तरी न फुटण्याचं बळ देतो. ऊन नेमकं त्यालाच आधी गाठतं. जे मऊ, तेच आधी करपतं. हाय! रंगाचा थर बराच मार झेलतो, पण बिनरंगाचे काळे भाग बघता बघता पांढुरके होतात. म्हणून गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावायची. मोहाखाली नाही, तिथे फुलोऱ्यात पहाटेपासून चिकट फुलं टपटपतात. पुसून झाली की मेणाचा पातळ हात.

दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि किल्ली माझ्याकडे आली. पुढे ती जुनी करिझ्मा निघायचीही बंद झाली. तिचे पॅनल आता सहजी मिळत नाहीत. एका सकाळी मी गाडी धूत असताना बाबा पायरीवरून उठले आणि काही न बोलता त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं. राजदूत रगडणारे तेच हात. माझा श्वास अडकला. पण ते हात फेअरिंगवरून असे फिरले की फेसाचा बुडबुडाही फुटू नये. आरशाच्या बुडाशी, स्क्रूच्या कडेला ते आपणहून आणखी हळू झाले. दादाला तो हलका हात कुठून आला, हे मला त्या सकाळी कळलं. बाबांच्या अंगी तो होताच. लोखंडानं त्यांच्याकडून कधी मागितला नव्हता, इतकंच.

या दिवाळीला दादाचा मुलगा यायचा आहे. फोनवर त्याचं एकच चाललंय, काका, मला गाडी चालवू दे. देईन. पण त्याआधी त्याच्या हातात तांब्या देईन आणि बाबांना शेजारी बसवीन. चालवणं तो पुण्याच्या कुठल्याही रस्त्यावर शिकेल. हा हात मात्र त्यानं त्याच्या आजोबांकडूनच घ्यायला हवा.