घरची हळद

स्वयंपाकघरांत रोज लागणारी, आणि तरीहि जिच्याविषयीं कोणी क्षणभर विचार करीत नाहीं, अशी वस्तु म्हणजे हळद. वरणांत ती, मुलांच्या दुधांत ती, खरचटलेल्या गुडघ्यावर ती आणि वधूवरांच्या अंगावरहि तीच. अमरकोशकारानें हरिद्रा, कांचनी, पीता, वरवर्णिनी अशीं नांवें देऊन शिवाय रात्रीचीं नांवेंहि तिला बहाल केलीं आहेत. परंतु दुकानांत आपण तिची एकच परीक्षा करितों : रंग झगझगीत आहे ना?

ही परीक्षा किती घातक ठरूं शकते, हें बांगलादेशांत दिसून आलें. तेथें १९८० नंतरच्या दशकांत एका मोठ्या पुरामुळें हळद नीट वाळली नाहीं व काळवंडली. गिऱ्हाइकास पिवळा रंग हवा. म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट नांवाचें शिसेयुक्त रंगद्रव्य चोळण्याची चाल पडली, आणि पूर ओसरला तरी ती टिकली. २०१९ मध्यें संशोधकांनीं हें उघडकीस आणिलें, सरकारनें कारवाई केली, आणि २०२१ मध्यें तपासलेल्या नमुन्यांत ती भेसळ आढळली नाहीं. शिसें शिजविल्यानें जात नाहीं. तें शरीरांत सांचतें व मुलांची बुद्धि खुंटवितें. आमच्या इकडील सर्वच हळद दूषित असते असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पण नुसत्या डोळ्यांनीं ती पारखतां येत नाहीं, हें खरें. आमच्या घरीं रात्रीं चार नातवंडांना हळद-दूध मिळतें, म्हणून त्यापुरती हळद आम्ही परसांतच लावितों.

नाकाडोंगरी हा धानाचा मुलूख. बांधींत पाणी सांचलें तर धानाचें भलें होतें, पण हळदीचा कंद कुजतो. यास्तव वाफा वीतभर उंच करून त्यांत जुनें शेणखत मिसळावें. ज्येष्ठांत उन्हाचा कडाका उतरतांच डोळे फुगलेले निरोगी कंद चार बोटें खोल व वीतभर अंतरानें लावावे, आणि वर पालापाचोळा पसरावा. वर्धा जिल्ह्यांतील वायगांवचें बेणें मिळाल्यास उत्तम. त्या हळदीस २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे. श्रावण-भाद्रपदांत पानें भराभर वाढतात. तेव्हां दोनदां माती चढवावी आणि पाणी तुंबूं देऊं नये. पाऊस संपल्यावर जमीन वाळेल तसें पाणी द्यावें.

माघांत पानें पिवळीं पडून वाळलीं म्हणजे खणावें. जेठे गड्डे पुढील बेण्यासाठीं सावलींत, पाल्याखालीं झांकून ठेवावे. हळकुंडें काडी सहज रुतेपर्यंत उकडावीं आणि दहा-पंधरा दिवस कडक उन्हांत वाळवावीं. मोडतांना खणखणीत आवाज झाला म्हणजे तीं वाळलीं. पांच किलो ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक किलो होते, हें आधींच मनांत धरावें.

पहिल्या वर्षीं थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, आपली हळद विकतच्यासारखी उजळत नाहीं. पाहुण्यांपुढें वरण कसें दिसेल?"

आम्हीं म्हटलें, "वास तरी घेऊन पाहा."

त्यांनीं चिमूटभर तळहातावर चोळून पाहिली, आणि कांहीं न बोलतां वेगळा डबा काढून त्यावर 'मुलांची' अशी चिठी लाविली. दोन वाफ्यांची हळद एवढ्या मोठ्या कुटुंबास वर्षभर कोठून पुरणार? वरणभाजीसाठीं ओळखीच्या शेतकऱ्याकडून खरबरीत, रंग न चढविलेलीं हळकुंडें आणून आम्ही तीं घरीं कुटवितों.

ज्यांस परसू नाहीं त्यांनीं रुंद तोंडाच्या कुंडींत किंवा बुडाशीं भोंकें पाडलेल्या पोत्यांत दोन-तीन कंद लावावे. ज्येष्ठ आतां फार दूर नाहीं.