बुश

बाबांच्या पद्मिनीत हल्ली गिअर सापडेनासा झाला होता. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी; गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. ती हातात खुळखुळायची, दुसरा टाकावा तर मधेच अडायची. गिअरबॉक्स गेला, असं जो तो म्हणे.

मिस्त्रींनी आधी इंजिन बंद करायला लावलं. बंद गाडीत गिअर सहज पडले तर बहुधा क्लच बघायचा, तरीही अडले तर जोडणी. अडलेच. मग मी दांडी हलवत राहिलो आणि ते बॉनेटखाली वाकून एकेक सांधा बोटांनी चाचपत गेले. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे, सांध्यांत बुश. प्रत्येक ठिकाणी केसभर ढिलाई, पण हातापर्यंत येताना सगळ्यांची बेरीज होते.

एक बुश त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मूळचं गोल भोक अंड्यासारखं लांबट झालेलं, कड काळी, गुळगुळीत. झिजलं होतं ते एकाच बाजूला. म्हणजे बाबांच्या हाताची ओढ त्या बाजूला होती? की रचनाच तशी? मिस्त्रींना विचारावंसं वाटलं नाही. बाबा गिअर टाकताना कधी घाई करत नसत, एवढं मला आठवतं.

नवे बुश बसले. दांडी न्यूट्रलला धरून सळीची लांबी जुळवली, लॉकनट आवळला. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेल्या. तरी हे सुटे भाग अजून मिळतात, याचं मला फार बरं वाटलं.

चौथा अजून किंचित जड पडतो. त्यासाठी पुन्हा जायचं आहे.