वखारींतील पंगत

वऱ्हाडांत जुन्या इमारतींची उणीव नाहीं. उणीव आहे ती त्यांत वावरणाऱ्या माणसांची. गेल्या माघांत एका लग्नाच्या निमित्तानें आम्ही सहकुटुंब अकोल्यास गेलों होतों. लग्न आटोपल्यावर एक दिवस हाताशीं होता, म्हणून बाळापूरचा किल्ला पाहून आलों. एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानें १७५७ मध्यें पुरा केलेला हा किल्ला अजून बराच शाबूत आहे, आणि त्याचें एक कारण असें कीं, पुष्कळ वर्षें त्यांत सरकारी कचेऱ्या नांदत होत्या. कारकून आणि पक्षकार यांच्या पायरवानें इमारतीचें जें रक्षण होतें, तें पहारेकऱ्याच्या हातून क्वचितच होत असेल. त्याच गोष्टीवर बोलत बोलत आम्ही दुसऱ्या दिवशीं अमरावतीस पोंचलों.

अमरावतीची जुनी वस्ती परकोटाच्या आंत आहे. निजामाच्या सरकारनें १८०७ मध्यें हा कोट बांधावयास घेतला तो येथील धनिक व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठीं. पेंढाऱ्यांची धाड केव्हां येईल याचा तेव्हां नेम नसे. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पांच वेशी आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे येथें तटांतील लहान दरवाजा, हें पुण्यामुंबईकडील वाचकांस सांगितलेलें बरें. अंबा, भुसारी, नागपुरी, महाजनपुरी आणि खोलापुरी हीं वेशींचीं नांवें. खिडक्यांपैकीं एकीस खुनारी म्हणतात, आणि कां म्हणतात तें त्या नांवावरूनच कळतें.

या गांवच्या तिजोऱ्या भरल्या त्या कापसानें. १८४२ मध्यें एकट्या एका व्यापाऱ्यानें एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्यास धाडला, असें जुन्या गॅझेटिअरांत नमूद आहे. पुढें १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी पेटली, तिकडील दक्षिणेची रुई विलायतेच्या गिरण्यांस मिळेनाशी झाली, आणि चार वर्षें वऱ्हाडच्या काळ्या मातींत अक्षरशः सोनें पिकलें. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण ठाऊक असूनहि तिचा अर्थ आम्हांस कळला तो या गांवचे वाडे पाहून.

अंबादेवीचें आणि एकवीरेचें दर्शन घेऊन बाहेर पडलों तों दोन प्रहर टळले होते. मुलांनीं रस्त्यावरच गिला वडा गांठला. दह्यानें ओलाचिंब केलेला हा वडा अमरावतीचें भूषण मानला जातो. परंतु वडीलधाऱ्यांस पान मांडून जेवावयाचें होतें. एका पानवाल्यास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "त्या वखारीत जा न बाप्पा, घरच्यावानी जेवन भेटते." वखारींत जेवण, हें आम्हांस थोडें चमत्कारिक वाटलें, पण भुकेपुढें चिकित्सा चालत नाहीं.

भरलेली बंडी सहज आंत जाईल एवढें रुंद दार, काळ्या दगडाचें जोतें आणि वर सागवानी तुळया. दारावर पुसट झालेलीं जुनीं अक्षरें अद्याप लागतात: 'रुई व सरकीचे आडत्ये'. त्याखालीं भोजनालयाची नवी लहानशी पाटी. आंत मधल्या तुळईस एक जाड लोखंडी आंकडा आहे. पूर्वीं त्यास तागडी टांगून कापूस तोलीत. आतां दिवा टांगतात. सगळ्या भिंतींस चुना दिलेला आहे, फक्त एका कोपऱ्यांत हातभर जागा तशीच ठेवली आहे. तेथें गेरूनें लिहिलेले गांठींचे आंकडे आहेत, उभ्या रेघा पांच पांच करून ओढलेल्या. कोणा दिवाणजीचा तो हात. त्याचें नांव आतां घरांतहि कोणास आठवत नाहीं.

वखार यादवीच्या पैशांतून उभी राहिली असें घरची मंडळी सांगतात. ती ओस पडली त्याची हकीकत मात्र अलीकडची आहे. १९७२ पासून महाराष्ट्र सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. शेतकऱ्यास हमीचा भाव मिळावा हा त्यांतील हेतु, पण आडत्याला त्यांत जागाच उरली नाहीं. पुढें अनेक वर्षांनीं खासगी खरेदी पुन्हा मोकळी झाली, तोंपर्यंत या घरांतला धंदा जाणणारा पुरुष निघून गेला होता. मग कांहीं वर्षें सिमेंटचीं पोतीं येथें भाड्यानें ठेवीत. जमीन अजून कोठें कोठें राखाडी दिसते ती त्यामुळें.

जेवणाचें काय सांगावें! तुराट्यांच्या विस्तवावर वांगीं भाजून केलेलें भरीत, त्यांत कांद्याची पात आणि हिरवी मिरची. कळण्याची भाकर, जवसाची चटणी, पातळ कढी आणि शेवटीं गोळाभात, वर कडकडीत तेलाची फोडणी. वांगें गॅसवर भाजलें तर कातडें जळतें व आंतला गर कच्चट राहतो. तुराटीचा विस्तव मंद, म्हणून धूर गरापर्यंत जिरतो, असें वाढणाऱ्या मुलानें सांगितलें. आमच्या मातोश्रींनीं तेवढ्यांत दुसरी भाकर मागितली, हें त्यांच्या वयास आणि वैद्यांच्या सूचनेस धरून नव्हतें.

पंगतींत आमच्या उजवीकडे एक वकील, समोर वसतिगृहांतील तीन विद्यार्थी, आणि डावीकडे बाजारांतील दोन हमाल बसले होते. त्यांतील एकानें आपण होऊन सांगितलें कीं, त्याचे आजे याच वखारींत गांठी वाहत आणि मजुरी उंबऱ्याबाहेर उभे राहून घेत. ज्या गांवीं १९२७ मध्यें अंबादेवीच्या दर्शनासाठीं अस्पृश्य मानलेल्या मंडळींस लढा द्यावा लागला, त्या गांवीं त्यानें ही गोष्ट इतक्या सहज सांगावी आणि कढी मागावी, याचें आम्हांस समाधान वाटलें. सगळ्यांनाच तें वाटेल असें आम्ही म्हणत नाहीं.

जिच्या कापसाच्या दुष्काळावर ही वखार उभी राहिली, त्या अमेरिकन दक्षिणेंतहि असें एक घर आहे. मिसिसिपी प्रांतांत ग्रीनव्हिल गांवीं सिग्ना नांवाच्या इटालियन कुटुंबाचें 'डोज ईट प्लेस' हें भोजनगृह १९०३ च्या जुन्या वाणसामानाच्या दुकानांत चालतें. १९२७ च्या महापुरानंतर त्यांस वाईट दिवस आले, आणि १९४१ मध्यें घरची सून मेमी हिनें मक्याच्या पिठाचे तिखट 'तमाले' करून विकावयास आरंभ केला. पुढें तेथील भाजलेल्या मांसाची ख्याति झाली. त्या पदार्थाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं; आम्हांस नवल वाटलें तें दारांचें. दर्शनी भागांत कृष्णवर्णीयांची बैठक असे, म्हणून गोरीं गिऱ्हाइकें मागील दारानें येत, आणि तेंहि सर्व दक्षिणेंत याच्या उलट दंडक असतांना! २००७ मध्यें त्या घरास जेम्स बिअर्ड यांच्या नांवाचा मोठा सन्मान मिळाला. तेथें गिऱ्हाईक स्वयंपाकघर ओलांडूनच पानावर जातें. अमरावतीच्या या वखारींत दार सर्वांस एकच आहे, पण स्वयंपाकघर दोन चौकांपलीकडे. रांधणारा हात दिसत नाहीं.

तो पाहावा म्हणून आमच्या घरच्या बायका आंत गेल्या आणि तासाभरानें बाहेर आल्या. त्यांच्याकडून कळलेली हकीकत अशी. (नांवें देऊं नयेत अशी त्या कुटुंबाची इच्छा आहे.) भाऊ तिघे. थोरले निवृत्त शिक्षक, मधले पुण्यास नोकरींत, धाकटे येथें गल्ल्यावर. चौदा वर्षांपूर्वीं एका इमारत बांधणाऱ्यानें वखारीस चांगली किंमत देऊं केली. दोघे भाऊ विकावयास तयार झाले. तेव्हां थोरल्या वहिनींनीं एक वर्षाची मुदत मागितली आणि सिमेंटचीं पोतीं काढवून पहिली पंगत बसविली. तेव्हांपासून दर अक्षय तृतीयेस तिघे बंधु वखारींत एकत्र बसतात, वही उघडतात, आणि आणखी एक वर्ष ठेवावयाची कीं विकावयाची, तें ठरवितात. उत्पन्नाचे तीन वाटे होतात. चौदा वेळां 'ठेवूं' असें ठरलें आहे.

आतां वहिनींचें वय एकसष्ट आहे. गेल्या दिवाळींत त्यांनीं वहींत चौथा वाटा मांडावयास सांगितला. "मी पहाटे चारला उठतें, त्याचं कुठं लिहिलं आहे?" एवढाच त्यांचा प्रश्न. थोरले गप्प राहिले, धाकट्यांनीं मान डोलविली. पुण्याच्या दिरांनीं फोनवर विचारलें कीं, घरच्या बाईला वाटा कसला, ती काय परकी आहे? त्यावर वहिनी म्हणाल्या, परकी नाहीं म्हणूनच मागतें. परकीला पगार द्यावा लागला असता.

आमच्या मतें बाईंचें म्हणणें बिनतोड आहे. आमच्यापैकीं एक काका मात्र रस्ताभर म्हणत राहिले कीं, असे वाटे मांडूं लागल्यास एकत्र घर म्हणून उरतें काय? काकूंनीं त्यांस उत्तर दिलें नाहीं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. वऱ्हाडांत तेव्हां तुरीची कापणी चालू होती, आणि बांधाबांधावर तुराट्यांचे भारे रचून ठेवलेले दिसत होते.

निघतांना आम्हीं वहिनींस विचारलें होतें, अक्षय तृतीयेस दिरांनीं नाहीं म्हटलें तर? त्या हात पुसत म्हणाल्या, "त्या दिवशी तिघांचाही स्वयंपाक मीच करायची आहे. जेवण झाल्यावर बोलू."